माल कुठपर्यंत आपला?

पत्राचा सारांश: निफाड तालुक्यातल्या एका वाचक ताईंनी लिहिलं आहे. वय तिशीच्या आत, शिक्षण बी.एस्सी. अ‍ॅग्री. चार वर्षांपासून त्या वडिलांसोबत सहा एकर द्राक्षबाग सांभाळतात. गेल्या हंगामात एका निर्यातदाराने त्यांच्याकडून ९ टन थॉमसन जातीची द्राक्षं नेली. बांधावर ७८ रुपये किलो भाव ठरला होता. मे महिन्यात हिशेब झाला तेव्हा ६१ रुपयेच हातात पडले. ‘युरोपात कंटेनर खराब निघाला, क्लेम आला’ असं फोनवर सांगण्यात आलं. वडील, म्हणजे आण्णा, गप्प बसले, ताईंना मात्र झोप लागेना. त्यांचा धाकटा भाऊ नेदरलँड्सला नोकरीला आहे. तिथल्या दुकानात अर्धा किलो द्राक्षाचा डबा २.४९ युरोला असल्याचा फोटो त्याने पाठवला. म्हणजे किलोला साडेचारशे रुपयांच्या वर. भावाच्या ओळखीचा एक आयातदार थेट माल घ्यायला तयार आहे: माल पाठवा, विकला की कमिशन कापून पैसे पाठवतो. पतसंस्थेकडून जमीन तारण ठेवून २० लाख उचलायचे आणि यंदा दोन कंटेनर स्वतःच्या नावावर पाठवायचे, असं बहीण-भावाने ठरवलं आहे. आण्णा म्हणतात, ‘आपलं काम बागेपर्यंत.’ ताई विचारतात: ‘आण्णांची भीती जुन्या पिढीची आहे ना? रीफर, म्हणजे थंड ठेवणारा कंटेनर असतो, विमा असतो, मग धोका कसला? आणि ताज्या मालाची एवढी धास्ती असेल तर आधी फ्रोझनपासून सुरुवात करावी का?’

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मी पिंपळगावच्या बाजूला एका पॅकहाऊसमध्ये चौदा हंगाम गुणवत्ता तपासणीचं काम केलं आहे. त्यामुळे १७ रुपयांचा तो आकडा वाचला आणि पोटात कालवलं. ९ टनाला १७ रुपये म्हणजे १ लाख ५३ हजार. एवढ्या पैशात एका हंगामाच्या डिपिंगची (घड द्रावणात बुडवण्याची) आणि थिनिंगची (मणी विरळ करण्याची) मजुरी निघते. तुम्हाला राग आला यात काही चूक नाही. पण या रागाच्या भरात जो निर्णय होतो आहे, त्याच्याबद्दल मला थोडं थांबवून बोलायचं आहे.

आधी एक विचारते. कंटेनर खराब निघाला हे तुम्हाला कशावरून कळलं? पत्रात ‘फोनवर सांगितलं’ एवढंच आहे. म्हणजे त्या माणसाने तुम्हाला फसवलं असंही सिद्ध होत नाही आणि तो खरं बोलला असंही नाही. तुम्ही मात्र फसवलंच असं धरून पुढचा सगळा बेत आखला आहे. कंटेनर तिकडे उघडला की आयातदार गुणवत्ता अहवाल करतो. त्यात पॅलेटनुसार, म्हणजे पेट्यांच्या एकेका थप्पीचे फोटो असतात, मण्याचं तापमान असतं, सड किती टक्के, देठ सुकलेले किती, गळलेले मणी किती, सगळं लिहिलेलं असतं. पेट्यांमध्ये ठेवलेला लॉगर असतो, त्यात बांधणीपासून दार उघडेपर्यंतच्या तापमानाची रेघ असते. शेवटी विक्रीचा हिशेब येतो: कुठल्या दिवशी किती पेट्या काय भावाने गेल्या आणि त्यातून काय काय कापलं. या तीन कागदांवर तुमच्या १७ रुपयांचं उत्तर आहे. ते मागितले नाहीत तर तुम्ही स्वतः निर्यातदार झालात तरी तुमची अवस्था तीच राहील. फक्त फोन निफाडहून येण्याऐवजी नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरातून येईल.

आता रीफरबद्दल. तुमच्या सगळ्या बेताचा भार ज्या एका समजुतीवर आहे ती हीच: कंटेनर म्हणजे मोठा फ्रीज, आत ठेवलं की थंड राहतं. ताई, रीफर कंटेनर माल थंड करत नाही, थंड केलेला माल थंड ठेवतो. त्याच्या यंत्राची ताकद तेवढीच असते. मार्च महिन्यात सकाळी दहा वाजता खुडलेल्या घडाच्या मण्यात सुई घालून बघा, २५ ते ३० अंश दाखवते. हा माल पॅकहाऊसला आणून, निवडून, पनेटमध्ये (छोट्या डब्यांत) भरून, लवकरात लवकर प्रीकूलिंगला लावावा लागतो. तिथे पंख्याने ओढलेली थंड हवा पेट्यांच्या भोकांतून फिरते आणि सहा-आठ तासांत माल तीन-चार अंशांवर येतो. मग बुरशी रोखणारा सल्फरचा पॅड ठेवून पेटीच्या आतली लायनरची पिशवी बंद करायची आणि माल शून्य ते एक अंशाच्या कोल्ड स्टोरेजला न्यायचा. शून्याला आलेला मालच कंटेनरमध्ये चढवायचा. यातलं एक पाऊल घाईत उरकलं तर समुद्रावर ते कुणीही भरून काढू शकत नाही.

याचा एक नमुना सांगते, कारण तो मी हातात घेऊन बघितला आहे. प्रीकूलिंग अर्धवट झालेली पेटी पिशवी बांधून स्टोरेजला गेली की पिशवीच्या आत दव धरतं. सल्फर पॅडमधून वायू सुटतो तो ओलाव्यामुळेच. महिनाभर थोडा थोडा सुटायचा तो वायू मग पहिल्या दोन-चार दिवसांतच भसकन निघतो. मण्याच्या देठाजवळची साल पांढरी पडते, एखाद्या गोल डागासारखी, आणि वायू संपून गेल्यामुळे पुढच्या पंधरा दिवसांत बुरशीला रान मोकळं. इथून निघताना पेटी सुंदर दिसते. तिकडे उघडली की मणी फिकट, देठ तपकिरी, कोपऱ्यात करडी बुरशी. घरी बसून फोनवर ऐकणाऱ्याला वाटणार, आयातदार खोटं बोलतो आहे.

आणि दुसरा प्रसंग, रस्त्यावरचा. एका हंगामात आमचा कंटेनर रात्री न्हावा-शेवा बंदराला निघाला. दोनशेएक किलोमीटरचा रस्ता. ट्रेलरवर जनरेटर असतो, तोच वाटेत रीफरला वीज देतो. कसाऱ्याच्या अलीकडे कुठेतरी तो बंद पडला आणि सकाळपर्यंत कुणी बघितलं नाही. बंदरात प्लग लागल्यावर यंत्र पुन्हा सुरू झालं, पाटीवर शून्य दिसलं, माल जहाजावर चढला. तिकडून देठ सुकल्याचा अहवाल आला तेव्हा आम्ही सगळे आयातदारावर उखडलो. मीही. दहा दिवसांनी लॉगरची फाईल आली. निघाल्यानंतर तीन तासांनी रेघ वर चढायला लागली होती आणि पहाटेपर्यंत ११ अंशांवर गेली होती. समुद्राचा दोष नव्हता, रॉटरडॅमचाही नव्हता. ज्या वाहतूकदाराकडून चूक झाली त्याच्याकडून भरपाई मिळवायला दोन वर्षं लागली, तीही अर्धवट. तेव्हापासून मी कुणालाही सांगते, लॉगर एक नको, दोन ठेवा. एक दारापाशी, एक मध्यावर, आणि दोघांचे नंबर पॅकिंग लिस्टवर लिहून घ्या.

कंटेनरच्या आतली हवा कशी फिरते हेही समजून घ्या. थंड हवा खालून, जमिनीच्या पन्हळींतून येते, मालातून वर जाते आणि छताजवळून यंत्राकडे परतते. भिंतीवर लाल रेघ असते, तिच्या वर माल रचायचा नाही. ताजं फळ जिवंत असतं, श्वास घेतं, स्वतःची उष्णता सोडतं, म्हणून हवा त्याच्या आतून जावी लागते. पेटीची भोकं एकमेकांवर आली नाहीत, नाहीतर दोन पेट्या जास्त बसवायच्या नादात छतापर्यंत थर लावले, तर यंत्र शून्य दाखवत राहतं आणि मधला पॅलेट तापत राहतो.

ही अडचण फार जुनी आहे. १८८२ साली ‘डनेडिन’ नावाचं शिडाचं जहाज न्यूझीलंडहून गोठवलेलं मटण घेऊन लंडनला निघालं. ९८ दिवसांचा प्रवास. उष्ण कटिबंधात आल्यावर कप्प्यात थंड हवा नीट फिरेना, तेव्हा कॅप्टन व्हिटसन स्वतः हवेच्या नळीत शिरला आणि करवतीने जादा भोकं पाडली. गारठून तो तिथेच आडवा झाला. सोबत्याने मागून आत सरकून त्याच्या पायाला दोर बांधला आणि त्याला ओढून बाहेर काढलं. जवळपास पाच हजार नग लंडनला पोचले आणि त्यातला एकच बाद झाला. ही गोष्ट मला आवडते, कारण आपल्या मालासाठी हवेच्या वाटेत शिरणारा माणूस मालाच्या सोबत होता. तुमच्या कंटेनरसोबत कुणी जाणार नाही. म्हणून सगळी राखण निघण्यापूर्वीच करावी लागते.

फ्रोझनचं विचारलंत, ते थोडक्यात सांगते. उणे १८ अंशांचा माल मेलेला असतो, श्वास घेत नाही. कंटेनरमध्ये तो घट्ट रचला तरी चालतो, कारण थंड हवा त्याच्या भोवतीने फिरली की पुरे. त्याला आठ-पंधरा दिवसांच्या उशिराने फरक पडत नाही. या अर्थाने तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण एकदा वितळून पुन्हा गोठला की तो लपत नाही. मक्याच्या नाहीतर डाळिंबाच्या दाण्यांची पिशवी हलवून बघा, दाणे सुटे खळखळले पाहिजेत. ढेकूळ हाताला लागलं की वाटेत कुठेतरी साखळी तुटली. आणि दाणा-दाणा सुटा गोठवणारं यंत्र, त्यामागचं स्टोरेज, वर्षभराचं वीजबिल, हे सहा एकरवाल्या घराचं काम नाही. शिवाय तुमची द्राक्षं खायची आहेत, त्यांना ताज्या घडाचा भाव आहे. ती गोठवून विकण्यात तुमच्या कष्टाचं मोल होत नाही. हा रस्ता सध्या सोडून द्या.

दिवसांचा हिशेब मात्र सोडू नका. न्हावा-शेव्याहून सुएझमार्गे रॉटरडॅमला पोचायला साधारण तीन-साडेतीन आठवडे धरले जायचे. २०२३च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून जाऊ लागली. दहा ते पंधरा दिवस वाढले. त्याआधी २०२१च्या मार्चमध्ये, ऐन आपल्या हंगामात, एक जहाज सुएझमध्ये आडवं झालं आणि सहा दिवस कालवा बंद होता. बुकिंग करताना लाईनला, म्हणजे जहाज कंपनीला, स्पष्ट विचारायचं: जहाज कुठल्या मार्गाने जाणार, वाटेत दुसऱ्या जहाजावर चढवणार का, आणि चढवणार असेल तर मधल्या बंदरात किती दिवस. चाळीस दिवसांच्या प्रवासाला वेगळा माल लागतो. साखर पुरेशी भरलेली, पण मणी अजून कडक. घडाचा दांडा हिरवा आणि जाड. पावसात सापडलेल्या प्लॉटमधला, नाहीतर जीए या संजीवकाच्या जादा फवारण्यांनी फुगवलेला माल तेवढ्या लांब पाठवू नये, भाव कितीही दाखवोत. इथे तुम्ही चार वर्षं बागेत उभ्या आहात, तुमचे हात आणि आण्णांचे डोळे कुठल्याही निर्यातदारापेक्षा जास्त जाणतात.

विम्याबद्दल तुमचा मोठा गैरसमज आहे आणि तो मी आधी दूर करते, कारण याच्यावर विसंबून जमीन तारण ठेवली जाते आहे. सागरी मालविम्याच्या नेहमीच्या अटींमध्ये दोन गोष्टी स्पष्टपणे वगळलेल्या असतात: उशिरामुळे झालेलं नुकसान, आणि मालाच्या स्वतःच्या नाशवंतपणामुळे झालेलं नुकसान. म्हणजे जहाज वळसा घालून पंधरा दिवस उशिरा पोचलं आणि देठ सुकले, तर विमा कंपनी हात वर करणार आणि कागदावर ती बरोबर असणार. शीतयंत्र बिघडण्याची जोखीम वेगळी मागून घ्यावी लागते, आणि तिथेही यंत्र सलग २४ तास बंद पडलं पाहिजे अशी अट बहुतेक वेळा असते. आमच्या कसाऱ्याच्या रात्रीसारखे सहा-सात तास त्यात बसत नाहीत. पॉलिसी घेण्यापूर्वी वगळलेल्या बाबींचं पान मागून घ्या आणि एजंटकडून ते मराठीत समजावून घ्या. परदेशी ग्राहकाने पैसे बुडवले तर ईसीजीसी या सरकारी निर्यात-विमा कंपनीचं संरक्षण घेता येतं, तेही चांगलं आहे. पण ‘माल खराब होता’ असा वाद ग्राहकाने घातला की ते संरक्षण तिथेच अडतं.

यातून मी त्या आयातदाराच्या प्रस्तावाकडे येते. ‘पाठवा, विकला की कमिशन कापून देतो.’ याला आपल्याकडे कन्साइनमेंट म्हणतात. यात बागेपासून तिकडच्या दुकानदाराच्या दारापर्यंत माल तुमचा. भाडं तुमचं, उशीर तुमचा, सड तुमची, बाजार पडला तर तोही तुमचा. त्याचं कमिशन मात्र पक्कं. बंदरापर्यंत विकला, एफओबी, तर जहाजावर चढल्यानंतरची जोखीम घेणाऱ्याची. किमान हमीभाव ठरवून विकला तर पडत्या बाजारातही एक तळ असतो. भाव कमी दिसतो, पण माल तुमच्या मानेवरून लवकर उतरतो. तुम्ही भाव विचारलात, ‘माल कुठपर्यंत आपला?’ हे मात्र तुमच्या बोलण्यात कुठेच आलं नाही. आण्णा ‘आपलं काम बागेपर्यंत’ म्हणतात तेव्हा त्यांना हेच म्हणायचं असेल का? मला तसं वाटतं. बांधावर विकणारा शेतकरी कमी पैसे घेतो, कारण पुढची जोखीम तो दुसऱ्याला देतो. तुमच्या बाबतीत गेल्या वर्षी वाईट झालं ते हे, की भाव बांधावरचा ठरला आणि जोखीम रॉटरडॅमपर्यंत तुमच्याच गळ्यात राहिली. हे अन्यायाचं आहे आणि त्याच्याविरुद्ध तुम्ही बोललंच पाहिजे. पण त्यावर उपाय म्हणून आणखी जोखीम आपणहून गळ्यात घेणं मला पटत नाही.

२.४९ युरोचा फोटो तुम्ही जपून ठेवला असेल. त्याच्या बाजूला एक कागद घ्या आणि उलटा हिशेब मांडा. दुकानाचा हिस्सा आणि तिथला कर, तिकडची फेरतपासणी आणि न खपलेला माल, तिकडची वाहतूक आणि स्टोरेज, आयातदाराचं कमिशन, आयात शुल्क, बंदराचा खर्च, समुद्राचं भाडं, इकडचा ट्रेलर, क्लिअरिंग एजंट, प्रीकूलिंग, पनेट, पेटी, लायनर, पॅड, पॅकिंगची मजुरी, तपासणीची फी. प्रत्येकासमोर आकडा लिहा, आणि तो आकडा कुणाकडून आला तेही लिहा. अंदाजाने भरलेल्या रकान्याभोवती लाल पेनाने गोल करा. लाल गोल पाचाच्या वर गेले तर यंदा कंटेनर पाठवू नका. हा माझा नियम आहे, मी आजवर तीन घरांना सांगितला आणि तिघांनीही पहिल्या वर्षी थांबायचं ठरवलं.

आणि फळात राहणारा औषधांचा उर्वरित अंश. तुम्ही कृषी पदवीधर आहात, त्यामुळे लांबण लावत नाही. कृषी निर्यातीचं काम बघणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेची ग्रेपनेट ही द्राक्षाचा माग ठेवणारी व्यवस्था २००६पासून आहे. प्लॉटची नोंदणी, नमुना, प्रयोगशाळेचा दाखला, अ‍ॅगमार्क, फायटोसॅनिटरी (कीड-रोग नसल्याचं) प्रमाणपत्र ही साखळी तुम्हाला माहीत असणार. एवढी व्यवस्था असूनही २०१० साली सीसीसी या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात आपले कंटेनर अडकले, कारण तोवर त्या घटकाची तपासणी इथे होतच नव्हती. त्या वर्षी नाशिक जिल्ह्यात किती घरं वाकली ते आण्णांना विचारा. त्यांच्या गप्प बसण्यात ते वर्षही असेल. त्याला नुसती जुन्या पिढीची भीती म्हणू नका. ज्यांनी बाजार पडताना बघितला आहे त्यांची ती स्मृती आहे आणि ती तुमच्या बेताला उपयोगी पडेल.

मग करायचं काय? घरीच बसा असं मी मुळीच म्हणत नाही. तुमच्यासारख्या मुली बागेबाहेरचा हिशेब शिकायला निघाल्या आहेत याचा मला मनापासून आनंद आहे. नाशिकच्या द्राक्षाला समुद्रापार नेलं ते शेतकऱ्यांनीच. १९९१ साली द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्था एकत्र आल्या आणि महाग्रेप्स उभी राहिली. आज मोहाडीला सह्याद्री फार्म्ससारखी शेतकऱ्यांची कंपनी आहे. यातला कुणीही एकट्याने दोन कंटेनर घेऊन निघाला नव्हता. त्यांनी आधी प्रीकूलिंग आणि माणसं उभी केली आणि नुकसान वाटून घ्यायची सोय केली. एका कंटेनरला १२ ते १४ टन माल लागतो. तो एका वेळी, एका दर्जाचा, एका मापाचा लागतो. सहा एकरात चार दिवसांच्या आत तेवढा माल उतरवणं जमेलही, पण त्यातला एक प्लॉट मागे पडला तर रिकामी जागा भरायला तुम्ही शेवटच्या दिवशी कुणाचाही माल घ्याल. माझ्या अनुभवात कंटेनर सगळ्यात जास्त बिघडतात ते या शेवटच्या दीडशे पेट्यांमुळे.

म्हणून यंदा असं करा. जमीन तारण ठेवू नका, ते २० लाख उचलू नका. चांगल्यातला एक एकर एखाद्या शेतकरी कंपनीकडे द्या, म्हणजे तुमचा माल तुमच्या नावाच्या लॉटने कंटेनरमध्ये जाईल आणि त्याचा माग तुम्हाला शेवटपर्यंत काढता येईल. त्या आठवड्यात पॅकहाऊसला जाऊन उभ्या राहा. पहाटेचा खुडा किती वाजता आत आला, प्रीकूलिंगला किती वाजता लागला, मण्याचं तापमान किती होतं, पिशवी किती वाजता बांधली, हे स्वतःच्या वहीत लिहा. सुरगाणा-पेठकडच्या ज्या बाया तिथे टेबलावर घड कातरतात त्यांच्याशेजारी दोन तास बसा. कुठला घड पनेटमध्ये टिकेल आणि कुठला नाही हे मला त्यांनीच शिकवलं, कुठल्याही कोर्सने नाही. घडाला देठाने धरायचं, मण्यावरच्या पांढऱ्या झाकेला बोट लागू द्यायचं नाही. तो एक एकर म्हणजे तुमची शाळा समजा. पुढच्या हंगामात चार-पाच ओळखीची घरं मिळून एक कंटेनर करायचा असेल तर हीच वही कामाला येईल, आणि तेव्हा भावाच्या त्या आयातदाराशी किमान हमीभावावर बोलायचं. तो हमीभावाला तयार नसेल तर त्याचा स्वतःच्या बाजारावर किती विश्वास आहे ते कळेल.

बाकीची पाच एकर नेहमीच्या निर्यातदाराला द्यायला हरकत नाही, पण अटी लिहून घ्या. गावात लिहून मागितलं की लोक ‘आमच्यावर भरवसा नाही का’ म्हणतात. म्हणू देत. दोनच वाक्यं पुरेत: बांधावर वजन झाल्यावर माल तुमचा आणि ठरलेला भाव आमचा, आणि त्यातून काही कापायचं असेल तर आयातदाराचा फोटोंसह अहवाल, लॉगरची फाईल आणि विक्रीचा हिशेब दाखवल्याशिवाय कापायचं नाही. पैशाची तारीखही घाला. पैसे बुडवून रातोरात नाहीसे झालेले व्यापारी आपल्या तालुक्याने पुष्कळ बघितले आहेत. अर्धे पैसे खुड्याच्या दिवशी खात्यात आल्याशिवाय दुसरी गाडी भरू देऊ नका. हे सगळं आण्णांनी बोलावं असा आग्रह धरू नका, त्यांचे त्या माणसाशी वीस वर्षांचे संबंध असतील. तुम्ही बोला, आण्णांना फक्त शेजारी बसू द्या.

ज्यांनी युरोपऐवजी आखाती देशांचा विचार केला आहे अशा वाचकांनीही विचारलं होतं, त्यांना एवढंच सांगते: तिकडचा प्रवास काही दिवसांचाच, त्यामुळे देठाची काळजी कमी, पण कन्साइनमेंटची पद्धत तिथे जास्त. प्रश्न तोच विचारा: माल कुठपर्यंत आपला?

आता तुमच्या धाकट्या भावाबद्दल. तो तिकडे आहे ही तुमच्याकडची खरोखर मोठी जमेची बाजू आहे, फक्त तुम्ही त्याला विक्री करायला लावता आहात. त्याला साक्षीदार करा. तुमच्या एकराचा कंटेनर ज्या दिवशी उघडणार त्या दिवशी त्याने आयातदाराच्या गोदामात हजर राहावं, परवानगी कंपनीमार्फत आधी मागून घ्यावी. दार उघडताना सील नंबर दिसेल असा फोटो. मग दारापासची, मधली आणि यंत्राजवळची अशा तीन पेट्या. प्रत्येकीत मण्याचं तापमान, आणि पनेट उलटा करून देठाचा जवळून फोटो. नुकसान दिसलं तर लाईनला लेखी कळवायला वेळ थोडा असतो, वरून न दिसणाऱ्या नुकसानीला तीन दिवस धरून चाला. म्हणून फोटो त्याच दिवशी पाठवायचे.

आणि गेल्या वर्षीचे तीन कागद या आठवड्यातच मागा. बागा छाटून झाल्या आहेत, निर्यातदार आता प्लॉट ठरवायला फिरतो आहे, त्याला तुमच्या मालाची गरज आहे. फेब्रुवारीत हाच प्रश्न विचारलात तर त्याला वेळ नसेल. लॉगरची फाईल मिळाली तर मला पाठवा, रेघ कुठे चढली ते आपण मिळून बघू.